पहिलीचं नाव

दप्तरखान्याची मालवाहू लिफ्ट तळघरातून वर येताना मध्येच एकदा दचकली. दचकली म्हणजे किती, तर गाढ झोपेत माणसाचा पाय दचकतो तेवढी. वाचनकक्षात बसलेल्यांपैकी कोणी मान वर केली नाही. तिथे बसणाऱ्यांची ख्यातीच अशी की छत कोसळायला लागलं तरी आधी पानात खूण घालतील आणि मग पळतील. त्याने मात्र मान वर केली. लिफ्ट तपासणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग होता. अर्ध्या शहरातल्या लिफ्टमध्ये काचेमागे त्याच्या सहीचा दाखला टांगलेला होता, आणि लिफ्टमध्ये माणसांना एकमेकांकडे बघायचं नसतं म्हणून आपला मजला येईपर्यंत ती त्या सहीकडे टक लावून उभी राहत; एवढे वाचक भल्याभल्या लेखकांना मिळत नाहीत. पण आज तो रजा काढून आला होता, साधा वाचक म्हणून, खिशात नुसती पेन्सिल घेऊन, कारण इथे शाईला बंदी होती. घरून निघताना त्याने स्वतःला बजावलं होतं की आज तू तपासनीस नाहीस, नातू आहेस. रजेवरच्या माणसाला लिफ्टचा आवाज ऐकू येऊ नये असा काही नियम असता, तर तो त्याने नक्की पाळला असता. तसा नियम नव्हता. लिफ्ट त्याची मागणीचिठ्ठी घेऊन पुन्हा खाली निघाली, पुन्हा दचकली, आणि या खेपेला त्या दचकण्याच्या तळाशी त्याला एक बारीक करकर ऐकू आली, झोपेत दात खाणाऱ्या मुलासारखी. लोखंडी दोराचा पीळ सुटत आला की येते तशी.

त्याने तसं सांगितलं तेव्हा दप्तरदारबाईंनी आधी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बाडांना थंडी मानवते म्हणून त्या बारा महिने स्वेटर घालून बसत आणि बोलतानाही तोंडातून वाफ जाऊ नये अशा बेताने बोलत.

"तुम्ही वाचक म्हणून आलात ना, साहेब?"

"हो."

"मग वाचत बसा की."

"दोर बघावा लागेल."

"तो दोर आमच्या आजोबांच्या वेळचा आहे. आजवर कधी तुटला नाही."

"तुटेपर्यंत कुठलाच तुटलेला नसतो," तो म्हणाला आणि माळ्यावर चढला. विजेरीच्या उजेडात दोर न विंचरलेल्या वेणीसारखा पिंजारलेला दिसला. खाली उतरला तेव्हा त्याचे हात वंगणाने काळे झाले होते. ते हात बघून बाईंना सगळं समजलं. कचेरीत केस पिकलेल्या असल्यामुळे त्यांनी मधला मार्ग काढला. "तुमचंच बाड आमच्या माणसांनी खाली काढून ठेवलंय. एवढी एक खेप होऊ द्या, मग लावा काय ते सील. लिफ्टमध्ये माणूस थोडाच बसतो? कागद तर आहेत. आणि कोण बघतंय?"

"मी बघतोय," तो म्हणाला. "खाली पिंजऱ्यापाशी तुमची माणसं उभी असतात, बाई."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पुढे कित्येकदा त्याने ते मनातल्या मनात उलटंपालटं करून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी ते बरोबरच निघालं; हाच त्याचा त्रास होता. माणसाला स्वतःची चूक सापडली की तो निदान पश्चात्ताप तरी करतो, बरोबर वागणाऱ्याला तीही सोय नसते. पण 'मी बघतोय' म्हणताना छाती जी किंचित फुगली होती, तेवढी फुगायला नको होती. सील ठोकून झाल्यावर, हात पुसत, त्याने जरा उशिराच विचारलं, "जिन्याने आणता नाही येणार बाड?"

"जिन्याने बाड आणायला बंदी आहे," बाई म्हणाल्या. आता पाळी त्यांची होती. "मागे एकदा एक बाड जिन्यावरून घरंगळलं, त्याच्याबरोबर आमचा शिपाईही. बाडाचा पुठ्ठा उचकटला."

"आणि शिपाई?"

"ते पुढे रीतसर निवृत्त झाले."

"मी खाली जाऊन पाहिलं तर?"

"वाचकांना तळघरात मज्जाव आहे. तपासनिसाला जाता येतं, पण त्याने लिफ्ट बघायची, बाड उघडायचं नाही. आणि तुम्ही तर आज रजेवर आहात, साहेब."

घरी आत्या खिडकीशी बसली होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती त्याच्याकडे राहायला आली होती, आणि आल्या दिवसापासून खिडकी तिच्या मालकीची झाली होती. आत्याने उभं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलं होतं, कानाला यंत्र लावून, या भोकातली वायर त्या भोकात खुपसत, दुसऱ्यांची माणसं दुसऱ्यांना जोडून देत. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कोणी विचारलं की 'लाइन बिझी होती' म्हणायची, आणि विचारणारा हसून गप्प बसायचा, तो हसून गप्प बसावा म्हणूनच ती तसं म्हणायची हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं.

"काय इन्स्पेक्टर, लागली का लाइन?"

"तिथली लिफ्ट बंद आहे."

"कोणी केली बंद?"

"खात्याने."

"म्हणजे तू."

"दोर तुटायला आला होता, आत्या."

"बरोबर आहे," आत्या म्हणाली. "खराब लाइन आम्हीही जोडत नव्हतो." मग खिडकीबाहेर बघत, "पण लोक शिव्या द्यायचे रे."

आत्या त्याच्या वडिलांची सावत्र बहीण. आजोबांची पहिली बायको आत्याला जन्म देऊन थोड्याच दिवसांत गेली, मग दुसरी आली, तिला त्याचे वडील झाले, आणि घर पुढे चालू लागलं. घरात पहिलीचं नाव कोणी घेत नसे. घ्यायला बंदी होती असं नव्हे. बंदी असती तर कोणी ना कोणी ती मोडली असती. नुसती सवय होती, आणि सवय मोडायला कारण लागतं. तिला सगळे 'पहिली' म्हणत. हा पहिलीच्या वेळचा कंदील. पहिली होती तेव्हा हे छप्पर गळत नव्हतं. एखाद्या मोठ्या पुराच्या आधीचं आणि नंतरचं सांगावं तसं. आत्याला शाळेत घातलं तेव्हा दाखल्यावर आईच्या जागी दुसरीचं नाव लागलं, तेच पुढे नोकरीला लागताना लागलं, आणि कागदोपत्री पहिली कधी नव्हतीच असं झालं. आत्याने लहानपणी एकदा आजोबांना विचारलं होतं. ते म्हणाले, 'आता काय करायचंय.' हा प्रश्न होता की उत्तर हे आत्याला कळलं नाही, आणि मग ते गेले. मागोमाग ज्यांना ज्यांना ते नाव ठाऊक होतं ते सगळे एकेक करून, कोणालाही न सांगता, जणू ते बरोबर न्यायचं सामान असल्यासारखं घेऊन गेले. हजारो अनोळखी माणसांना 'नाव सांगा, गाव सांगा' म्हणत आत्याची नोकरी झाली, आणि मग एका सकाळी, तो तिच्या पायाची नखं कापत असताना, ती म्हणाली, "मी आता वर जाणार. तिथे गर्दी असणार. 'आई' म्हणून हाक मारली तर शंभरजणी वळून बघतील. आणि 'पहिली' म्हणून हाक मारू, तर वर्गात नंबर पुकारल्यासारखं होईल. तिचं नाव तेवढं काढून आण की रे. आम्ही नावाशिवाय कॉल घेत नव्हतो." तो हसला. नखं कापणाऱ्याने हसू नये, तिला थोडं लागलं. आजोबा तेव्हा ज्या गावी राहत, तिथली जुनी दप्तरं मागेच शहरातल्या दप्तरखान्यात आणून ठेवली होती. आत्याच्या जन्माचं वर्ष ठाऊक होतं, म्हणजे पहिलीच्या मृत्यूचंही. एवढं सोपं काम त्याच्या वाट्याला क्वचितच आलं होतं.

लिफ्ट बंद झाली आणि त्या सोप्या कामाला कचेरी लागली. दोर बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. दुसऱ्या कंपनीचा दोर बसवायचा तर चाकं बदलायला हवीत. चाकं बदलायची तर मंजुरी हवी, आणि मंजुरी देणारे बदलून गेलेले. मधल्या काळात दप्तरखान्याने खात्याला रीतसर अर्ज केला की हलक्या बाडांपुरती तरी लिफ्ट चालवू द्यावी. अर्ज फिरत फिरत त्याच्याच टेबलावर आला. त्याने तो नाकारला. नाकारणाऱ्याची सही त्याची आणि नकारामुळे अडून बसलेला माणूसही तोच, अशी सोय फार थोड्यांच्या नशिबी येते. बहुतेकांना दुसऱ्या कोणाला तरी दोष द्यावा लागतो. संध्याकाळी घरी गेला की चपला काढायच्या आत खिडकीतून प्रश्न यायचा. सुरुवातीला 'लागली का लाइन?' मग 'रिंग तरी जातेय का?' मग नुसतं 'हॅलो?' मग एक दिवस आत्याने विचारलं नाही, आणि तो चपला हातात घेऊन उगाच दारात उभा राहिला.

त्याच सुमारास त्याला कामावर असताना दप्तरखान्याच्या तळघरात जावं लागलं, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी झिरपतंय का बघायला. खड्डा कोरडा होता. शेजारी एक ढकलगाडी होती आणि तीवर, कोणीतरी काढून ठेवलं होतं तसंच, त्याचं बाड. त्यातून त्याची मागणीचिठ्ठी जिभेसारखी बाहेर आलेली, तिच्यावर त्याचंच अक्षर. वर धुळीचा थर. आसपास कोणी नव्हतं; वरून बाईंच्या खुर्चीचा आवाज येत होता तेवढाच. त्याला फक्त हात लांब करायचा होता. पुठ्ठा उघडायचा, पान काढायचं, वाचायचं, मिटायचं. एखाद्या लिफ्टला चार मजले चढायला लागतो तेवढा वेळ. तो तिथे उभा राहिला आणि त्याच्या मनात आलं की आपण इथे तपासनीस म्हणून उतरलो आहोत. वाचक म्हणून आलो असतो तर उतरताच आलं नसतं. तपासनीस म्हणून उतरलो तर वाचता येत नाही. या युक्तिवादात कुठेही फट नव्हती. त्याने बाडावरची धूळसुद्धा पुसली नाही, कारण पुसली असती तर बोटं पुठ्ठ्याला लागली असती. अहवालात 'खड्डा कोरडा' असं लिहिलं आणि सही केली. त्याने आयुष्यात न बघता कधी सही केली नव्हती, आणि बघायला नको तिथे बघितलंही नव्हतं. माणूस म्हणून आपल्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे, असं त्याला वाटायचं, आणि त्या दिवसापर्यंत ते पुरेसं वाटायचं.

नाव खरं म्हणजे त्याच्या कानावरून एकदा गेलं होतं. हे त्याने आत्याला कधी सांगितलं नाही. तो कॉलेजात असताना दुसरी, म्हणजे त्याची आजी, शेवटच्या आजारात पडून होती आणि दुपारी घरातले जरा आडवे झाले की तिच्याजवळ बसायचं काम त्याच्याकडे असायचं. एका दुपारी आजी डोळे उघडे ठेवून पायथ्याशी कोणाशी तरी बोलायला लागली. 'तुझी पोरगी बरी आहे गं,' ती म्हणत होती. 'नोकरीला लागली. माझ्याशी धड बोलत नाही, पण बरी आहे. मी काही कमी केलं नाही हो.' आणि मग तिने नाव घेतलं, दोनदा, जवळच्या माणसाला समजावताना घेतात तसं. तो शेजारीच होता. पण त्या दिवशी सकाळी कॉलेजच्या ड्रॉइंग हॉलमध्ये त्याच्या पुढच्या टेबलावरची मुलगी टी-स्क्वेअरची पट्टी पुसता पुसता म्हणाली होती, 'मला दुसऱ्या शहरात नोकरी लागतेय. तू येतोस का?' एवढं सरळ त्याला कोणी कधी काही विचारलं नव्हतं. तो म्हणाला होता, 'विचार करून सांगतो.' दुपारी आजीच्या उशाशी बसून तो विचारच करत होता. घड्याळाचे ठोके पडून गेल्यावर कळावं की ठोके पडले, पण किती ते मोजायचे राहिले, तसं आजीने नाव घेतल्याचं त्याला कळलं, नाव कळलं नाही. ती मुलगी गेली. तो अजून विचार करत होता, एवढंच. पुढे केव्हाही त्याने ती दुपार आठवायचा प्रयत्न केला की आजीचे ओठ हलायचे आणि त्यातून त्या मुलीचं नाव यायचं, कारण त्या दुपारी त्याच्या कानात तेच एक नाव होतं, दुसऱ्याला जागा नव्हती.

आत्याचा श्वास आखूड होत चालला तसे डॉक्टर पायऱ्या चढून यायला लागले, आणि जे डॉक्टर बोलावल्याशिवाय येतात त्यांना काय म्हणायचं असतं हे घरातल्यांना कळतं. एका दुपारी त्याची बायको औषध आणायला गेली होती. आत्या डोळे मिटून पडली होती. तो तिच्याजवळ बसला होता, पुन्हा एकदा दुपार, पुन्हा एकदा उशाशी.

"इन्स्पेक्टर," आत्या डोळे न उघडता म्हणाली, "मी लाइन होल्ड करून आहे. किती वेळ करू?"

"मिळालं," तो म्हणाला.

तिने डोळे उघडले. आता मागे फिरायला जागा नव्हती. त्याने तोंड उघडलं आणि नाव बाहेर आलं, ड्रॉइंग हॉलमधलं, पुढच्या टेबलावरचं. इतक्या वर्षांत एकदाही न उच्चारलेलं नाव इतकं स्वच्छ बाहेर पडेल असं त्याला वाटलं नव्हतं. आत्याने ते एकदा म्हणून पाहिलं. मग हळू, तुकडे करून म्हणून पाहिलं, दूरच्या गावचा कॉल घेताना ती म्हणायची तसं. मग उशीवर मान वळवून भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते. त्याने पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

संध्याकाळी बायको म्हणाली, "नाव छान आहे. पण त्या काळातलं वाटत नाही हो."

"माझी आई काळाच्या पुढे होती, सूनबाई," आत्या आतून म्हणाली. तिचे कान अजून एक्स्चेंजमध्येच होते.

आणि आत्या सुधारायला लागली. डॉक्टरांनी ते गोळ्यांच्या नावावर मांडलं. ती उशीला टेकून बसायला लागली, खिडकीपर्यंत जायला लागली, आणि दिवसेंदिवस तिची आई उंच होत गेली. अशा नावाची बाई बुटकी असूच शकत नाही. ती वाचणारी असणार. आवाज असणार तिला. आजोबा नाव का घेत नव्हते तेही आत्याला कळलं: घेतलं असतं तर दुसरीबरोबर राहवलं नसतं, म्हणून. मग दुसरीबद्दलही ती बरं बोलायला लागली, जन्मात पहिल्यांदा. म्हणाली, एवढ्या नावाच्या मागून येऊन संसार करायचा म्हणजे त्या बाईलाही सोपं गेलं नसेल. तो ऐकत असे. त्याला वाटे की एका खोट्या शब्दावर एवढं मोठं खरं काही तरी उभं राहिलंय, आणि त्याचा भार कशावर पडलाय हे बघायला कोणी माळ्यावर चढलेलं नाही. बायको स्वयंपाकघरातून थट्टेने ते नाव घेऊन म्हणायची, 'अहो, तिच्या लेकीला दूध नेऊन द्या', आणि प्रत्येक वेळी दूध नेऊन द्यायला तोच उठायचा. ज्या नावाला त्याने हो म्हटलं नव्हतं, ते आता त्याच्या घरात सकाळ-संध्याकाळ घेतलं जात होतं. विचार करून सांगतो म्हणणाऱ्याचा असाही निकाल लागतो.

मग दप्तरखान्यात दोर आला, चाकं आली, मंजुरीही आली. लिफ्ट पास करायला तोच गेला. दुसऱ्याला पाठवता आलं असतं, पण सील त्याचं होतं. वाळूच्या गोण्या भरून ती वर नेली, खाली आणली, मध्ये थांबवली, एकदम सोडली. निर्दोष होती. दाखल्यावर सही करून तो हात पुसत होता, तोच बाई म्हणाल्या, "पहिली खेप तुमची, साहेब. चिठ्ठी तुमची अजून त्यातच आहे. आता ड्यूटीवर आहात की वाचक?"

"जेवणाची सुट्टी झालीय," तो म्हणाला. "वाचक."

बाईंनी त्याच्यापुढे पेन्सिल ठेवली. कुठेतरी त्याला आशा होती की पान फाटलेलं असेल, वाळवी लागली असेल, शाई पसरली असेल. इतकी सरळ नोंद त्याने जन्मात पाहिली नव्हती. वळणदार अक्षर, काना नि मात्रा जागच्या जागी. आजोबांचं नाव, बायको अमुक. कारण, बाळंतपणाचा ताप. वय, त्याच्या खात्यात नुकत्याच लागलेल्या शिकाऊ मुलीहून लहान. आणि नाव. दोन अक्षरांचं, अगदी साधं, कोणाच्याही पुढे नाही नि मागे नाही. ते वाचताच त्याच्या कानात आजीचा आवाज त्याच नावाने बोलला, दोनदा, समजावणीच्या सुरात. इतकी वर्षं तो आवाज जणू या पानाचीच वाट बघत होता. ते आपल्याला आता आठवलं की ऐकू यावंसं वाटतंय म्हणून ऐकू आलं, हे तपासायला त्याच्याकडे काही साधन नव्हतं.

घरी आत्या खिडकीत होती. त्याने चपला काढल्या, हात धुतले, पुन्हा धुतले.

"आत्या, ते बाड वर आलं."

"आता कशाला? आपलं काम झालंय."

"त्यात नाव थोडं वेगळं आहे."

"किती थोडं?"

"पूर्ण."

आत्या बाहेर बघत राहिली. खाली रस्त्यावर कोणी तरी गाडी लावण्यावरून भांडत होतं, तिला त्यातलं प्रत्येक वाक्य ऐकू येत असणार. "मग आधीचं कुठून आणलंस?"

"कारकुनाची चूक झाली."

"हं," आत्या म्हणाली. "राँग नंबर." तिने साडीचा पदर उगाच सारखा केला. "कधीकधी व्हायचं तसं. चुकीची लाइन लागायची आणि माणसं तास तास बोलत बसायची. हसायची, रडायची. आम्हाला कळायचं. पण आम्ही मध्ये पडत नव्हतो."

"खरं नाव सांगू?"

"नको."

"आत्या, ती तुझी—"

"एक सावत्र झाली रे, पुरे," आत्या म्हणाली. "तिच्याशी जमवता जमवता जन्म गेला. या वयात आणखी एकीशी ओळख करून घेत नाही मी आता." तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि क्षणभर त्याला वाटलं की तिला सगळं ऐकू आलंय, कारकून, ड्रॉइंग हॉल, सगळं, क्रॉस कनेक्शन लागल्यासारखं. पण ती एवढंच म्हणाली, "तू बरा आहेस. दूध आण."

त्याच्या शर्टाच्या खिशात पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी होती. त्या बाईला या घरात 'पहिली' करून ठेवली होती, ती आता सावत्रसुद्धा झाली, आणि तिच्या पोटच्या पोरीच्याच तोंडून. हे काम त्याने केलं होतं, चांगल्या हेतूने. दूध उतू गेलं तेव्हा त्याला कळलं की आपण शेगडीपुढे उभे आहोत.

आत्या गेली ती सकाळी, उजाडता उजाडता. त्या नावाने तिने हाक मारली नाही. कुठल्याच नावाने मारली नाही. कूस बदलताना 'आई गं' म्हणाली, पायाला ठेच लागली की कोणीही म्हणतं तसं, आणि थांबली.

मृत्यूची नोंद दप्तरखान्याच्याच इमारतीत होत असे, तळमजल्यावर, मालवाहू लिफ्टच्या शेजारच्या खिडकीत. लिहिलेला कागद थेट लिफ्टने खाली जायचा. खिडकीतला कारकून सर्दीने बेजार होता. मृताचं नाव. वय. वडिलांचं नाव. तो सांगत गेला.

"आईचं नाव?"

नावं तिन्ही तयार होती. दुसरीच्या नावाला शाळेचा दाखला होता. पहिलीच्या नावाला खाली तळघरात बाड होतं. तिसऱ्या नावाला पुरावा म्हणजे एकटी आत्या, आणि ती आता साक्ष द्यायला येणार नव्हती. खरं नाव त्याच्या जिभेवर होतं, दोनच अक्षरं. एकदा ती या कागदावर उतरली की मायलेकी निदान एका तळघरात, एकमेकींना ओळखून पडल्या असत्या. त्याने तोंड उघडलं, आणि त्याला आत्याचं ते तुकडे करून म्हणणं ऐकू आलं. त्याने तिसरं नाव सांगितलं.

कारकुनाने नाक पुसलं. "एकदा खात्री करा, साहेब. कागद खाली गेला की मग बदलत नाही."

आता पुढे केव्हातरी, कोणी एक रजा काढून, खिशात पेन्सिल घेऊन इथे येईल. त्याला एका कपाटात कोवळ्या वयात गेलेली एक बाई सापडेल, जिची मुलगी कुठेच नाही. आणि दुसऱ्या कपाटात म्हातारी होऊन गेलेली एक मुलगी, जिची आई कुठेच सापडत नाही. दोन्ही कागद व्यवस्थित असतील. दोन्हींवर सह्या असतील.

"साहेब?"

"बरोबर आहे," तो म्हणाला आणि सही केली.

कारकुनाने कागद ताटलीत ठेवला, ताटली लिफ्टमध्ये सरकवली, दार ओढलं आणि बटण दाबलं. तो खिडकीशी उभा राहून कान देऊन ऐकत होता. लिफ्ट खाली गेली, सावकाश, एका लयीत, थेट तळापर्यंत. कुठेही दचकली नाही.